सतरावी दुरुस्ती आणि चौसष्ट खुर्च्या

मार्लिस व्होंड्राने कॉफीच्या डब्यात हात घातला आणि काळा घेवडा बाहेर काढला. हॉलभर "ओऽऽ" झालं.

"झालं!" पहिल्या रांगेतून तिचा नवरा ड्वेन म्हणाला. "आता ही स्वतःशीच भांडणार. घरी निदान मी तरी असतो."

काळा घेवडा म्हणजे 'रद्द करा', पांढरा म्हणजे 'राहू द्या'. नेब्रास्कातल्या या गावात दर फेब्रुवारीत, शेतं बर्फाखाली निजलेली असताना, रविवारी दुपारी वादसभा भरते. कोणी कुठल्या बाजूने बोलायचं ते घेवडा ठरवतो. स्वतःचं मत सगळ्यांना घरबसल्या मांडता येतं, त्यासाठी हॉल तापवायला लाकडं कशाला जाळायची, असं हा हॉल बांधणाऱ्या, चेक देशातून येऊन वसलेल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं होतं.

यंदाचा विषय होता अमेरिकेच्या राज्यघटनेची सतरावी दुरुस्ती. पूर्वी वॉशिंग्टनला जाणाऱ्या सिनेटरांना राज्याचे आमदार निवडून द्यायचे. १९१३च्या या दुरुस्तीने तो हक्क लोकांच्या हातात आला. आता ती रद्द करून निवड पुन्हा आमदारांकडे द्यावी का?

पांढरा घेवडा आला ल्युमीर कुबिक सरांच्या वाट्याला. वय चौऱ्याऐंशी, अर्ध्या गावाला नागरिकशास्त्र शिकवलेले, नऊ वर्षं ओळीने ही सभा जिंकलेले. आणि वीस वर्षं वर्तमानपत्राला पत्रं लिहून 'सतरावी रद्द करा' म्हणणारे! सरांनी तो दाणा चष्म्यासमोर धरून असा पाहिला, जणू जेवताना दाताखाली आलेला खडाच.

मार्लिसला हसू आलं. तिची बेकरी होती. सर रोज सकाळी सातला यायचे, जर्दाळूचा कोलाच, म्हणजे मधे गोड सारण भरलेला पाव, घ्यायचे आणि काउंटरला टेकून सतरावीवर भांडायचे. ते म्हणायचे रद्द करा, ती म्हणायची हात लावाल तर खबरदार. हे दहा वर्षं चाललं होतं. आणि त्याच्याही आधी, चाळीस वर्षांपूर्वी, याच सरांनी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं: 'मुलगी हुशार आहे, पण मुद्दा मांडता येत नाही.' त्याच वर्षी ती शाळा सोडून बापाच्या भट्टीपाशी उभी राहिली. पुढचं जे काही शिकली ते ग्रंथालयातली पुस्तकं आणून, कणीक फुगायची वाट बघता बघता. आज तिला सरांना हरवायचं होतं, अख्ख्या गावासमोर. तीन आठवडे तयारी केली होती, आणि ती सगळी पांढराच घेवडा येईल या भरवशावर!

सभेची सूत्रं हार्डवेअरच्या दुकानातल्या डोरीनकडे होती. तिने अंडी उकडायचं घड्याळ दहा मिनिटांवर पिळलं. "मार्लिस, सुरू कर. रडायचं असेल तर तेही याच दहा मिनिटांत."

मार्लिस उभी राहिली. हातातले कागद कुचकामी होते, ते तिने खुर्चीवर ठेवून दिले. मग आठवलं, सरांची 'रद्द करा'ची सगळी शस्त्रं तिला तोंडपाठ होती. दहा वर्षं अंगावर झेलली होती की!

"आपला सिनेटर तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?" तिने विचारलं. "टीव्हीवरच्या जाहिरातीत! भाड्याच्या ट्रॅक्टरवर बसलेला! आणि आपला आमदार? तो परवा बियाण्यांच्या दुकानात होता. त्याची कॉलर धरता येते. क्लॅरेन्स, तू धरलीही होतीस."

"कॉलर नाही, बाही!" मागून क्लॅरेन्स ओरडला.

"तेच ते. ज्याची बाही आपल्या हाताला लागते, त्याला निवडू द्या ना सिनेटर! म्हणजे वॉशिंग्टनला गेलेल्या माणसाला दर वेळी आपल्या राज्याकडे वळून बघावं लागेल."

घड्याळ वाजलं तेव्हा टाळ्या थांबेनात. मार्लिसचे कान तापले होते.

कुबिक सर काठीवर भार देऊन उठले. "मी आता जे सांगणार आहे त्यातलं एकही वाक्य माझं नाही," ते म्हणाले. "सगळं बेकरीच्या काउंटरपलीकडून आलेलं आहे."

आणि त्यांनी मांडायला सुरुवात केली. आमदारांचं एकमत होईना म्हणून सिनेटच्या जागा महिनोन्‌महिने रिकाम्या कशा राहत, ते सांगितलं. शेकडो आमदार विकत घेण्यापेक्षा लाखो मतदार विकत घेणं कठीण कसं, ते सांगितलं. मग म्हणाले, "कोलाच मला खायचाय, तर चव घ्यायला मी शेजाऱ्याला का पाठवू? माझं मत गेलं, तर त्या माणसाला माझ्या दाराशी यायचं कारणच उरत नाही."

मार्लिस ऐकतच राहिली. हा माणूस तर कोलाच चघळत खिडकीबाहेर बघायचा! आणि याला सगळं क्रमवार आठवत होतं, तिचे तिलाच आठवत नव्हते असे मुद्देसुद्धा.

मग खुर्च्या उचलायची वेळ आली. इथे हात वर करायची पद्धत नाही. ज्याचं पटलं त्याच्या बाजूला आपापली लोखंडी खुर्ची घेऊन जायचं. खणखणाट उडाला. ड्वेन आपली खुर्ची बायकोच्या बाजूला ओढत म्हणाला, "मला रात्री जेवायचंय बाबांनो."

डोरीनने दोनदा मोजलं. "एकतीस, एकतीस! आता बोलणाऱ्यांनी बसा. आणि खरं मत असेल तिथे बसा, नियम आहे."

मार्लिसने हिशेब केला. सर वीस वर्षांच्या मताला जागून इकडे येणार. ती इथेच बसून राहिली, तर तेहेतीस विरुद्ध एकतीस. जिंकलीच! नुसतं बसायचं होतं. पण समोर जे बोललं गेलं ते तिचं होतं, आणि तिला ते मनापासून पटलेलं होतं.

तिने खुर्ची उचलली.

"अगं, हरशील!" डोरीन ओरडली.

"मोजता येतं मला," मार्लिस म्हणाली आणि हॉल ओलांडून सरांच्या शेजारी खुर्ची टेकवली. सर जागचे हलले नव्हते.

"उठा की सर! तुमचं मत तिकडे आहे."

"होतं," सर म्हणाले. "इतकी वर्षं तू बोलायचीस तेव्हा मी मनात उत्तर जुळवत असायचो. आज पहिल्यांदा तुझं म्हणणं अख्खं उभं करून पाहिलं. कुठून ढकलावं तेच कळेना. मुद्दा असा मांडावा, मार्लिस."

"तेहेतीस, एकतीस! कुबिक सर जिंकले, दहाव्यांदा!" डोरीन ओरडली. हरलेल्या मार्लिसने सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

सरांचा चेहरा मात्र उतरला. "मग उद्यापासून सकाळी भांडायचं कशावर?"

"सव्विसावी आहे ना. अठराव्या वर्षी मताचा हक्क."

"ती तर रद्दच करायला हवी! पुन्हा एकवीस करा. मी शिकवलंय त्या वयाच्या पोरांना, मला माहीत आहे त्यांची अक्कल."

"सर, त्या वयात मी एकटी अख्खी भट्टी सांभाळत होते."

सरांनी आपली खुर्ची तिच्याकडे वळवली.

"थांब," ते म्हणाले, "हे मला नीट, पहिल्यापासून सांग."