अपडेटसाठी रिकामी केलेली जागा

मी जनावरांच्या दवाखान्यातल्या संगणकाची दुसरी हार्ड डिस्क बोलतेय. पत्र्याच्या पेटीत, अंधारात असते. गरगर फिरायचं आणि दिलेलं सांभाळायचं, एवढंच माझं काम.

माझ्या शेजारी पहिली डिस्क आहे. लहान, पण चपळ. संगणक चालू होतो तो तिच्या जिवावर. माझ्याकडे असायचे एक्स-रे. कुत्र्यांचे मोडके पाय, पोपटाचा पंख, कासवाच्या पोटातली अंडी. कासव पुढे बरं झालं का, ते मला कधी कळलं नाही. फोटो तेवढा राहायचा.

दवाखाना डॉक्टर आणि त्यांची मोठी बहीण चालवतात. जनावरं डॉक्टरांकडे, संगणक ताईंकडे. संगणकाचं अपडेट अधूनमधून यायचं, पहिल्या डिस्कवरच उतरायचं, आणि ती तर गच्च भरलेली. ‘जागा अपुरी आहे’ अशी पाटी पडद्यावर आली की ताई ‘नंतर’ दाबायच्या. माणसांना हे बटण फार आवडतं.

एका सकाळी एक शिंपीणबाई आपली मांजर ओढणीत गुंडाळून घेऊन आल्या. मांजरीचं नाव चिंधी. तिनं दोऱ्यासकट सुई गिळली होती.

“मशीनखाली पडली होती हो. मी शोधेपर्यंत हिनं...” बाईंनी ओढणी पुढे केली.

संगणक नेमका तेव्हा अपडेटशी झटत होता. जागा पुरेना, म्हणून अर्धवट चढवलेलं पुन्हा उतरवत होता. पडद्यावर एकच वाक्य: बदल मागे घेत आहोत, संगणक बंद करू नका.

“अगं ताई, फोटो!” डॉक्टर आतून ओरडले.

“अरे, मी काय करू? हे सरकतच नाही पुढे.”

फोटो निघाला तेव्हा खिडकीतलं ऊन टेबलावर आलं होतं. पोटात सुई आडवी दिसत होती. डॉक्टरांनी लगेच शस्त्रक्रिया केली. चिंधी संध्याकाळी गेली. उशीर झाला म्हणून गेली, की सुईनं आतडं आधीच फाडलं होतं, हे कुणालाच ठरवता आलं नाही. शिंपीणबाई रडल्या नाहीत. त्यांनी ओढणीची घडी घातली आणि त्या निघून गेल्या.

त्यानंतर डॉक्टर कामापुरतंच बोलू लागले.

ताईंनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पेटी उघडली, माझ्यावरची धूळ फुंकली.

“अपडेट आता हिच्यावर उतरवू,” तो म्हणाला. “संगणकाला पत्ता जुनाच वाटेल, पण माल इकडे येऊन पडेल. फक्त हिच्यावर जागा करून द्या. हिच्यावरही फारशी उरलेली नाही.”

ताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. “काय काढू रे?”

“जी जनावरं आता नाहीत, त्यांचे फोटो काढून टाक.”

ताई एकेक पुसत गेल्या. शेवटी त्यांचा हात थांबला. “चिंधीचा पण?”

“तिचा पण,” डॉक्टर हात धूत म्हणाले. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

मला काही वाटलं नाही. वाटण्याची सोय माझ्यात नाही. पण एक सांगते, पुसलेलं लगेच जात नाही. नाव जातं, वस्तू तिथंच पडून असते, वर दुसरं काही येऊन पडेपर्यंत. लवकरच अपडेट आलं आणि त्या जागेवर उतरलं. यंत्र कुठेही अडलं नाही. ताई खूश झाल्या.

मग एके दिवशी शिंपीणबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

“डॉक्टर, चिंधीचा तो हाडांचा फोटो द्याल? माझ्याकडे तिचा दुसरा फोटोच नाही. रोज समोर असायची, काढायचं सुचलंच नाही.”

डॉक्टरांनी ताईंकडे पाहिलं. ताईच म्हणाल्या, “बसा ना तुम्ही,” आणि त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

तो आला. मला खूप वेळ चाळत, उकरत बसला. “त्यावर अपडेट उतरलंय हो,” तो म्हणाला. “सापडलं तर अर्धंमुर्धं सापडेल.”

फोटो सापडला तो वरून निम्मा. डोक्याची गोलाई, मान, पाठीचा बारीक कणा. त्याखाली पोटाच्या जागी नुसता करडा पट्टा.

डॉक्टरांनी छापलेला कागद बाईंच्या हातात दिला. “एवढाच उरलाय. तो मीच पुसायला सांगितला होता.”

बाईंनी कागद उजेडात धरला. “यात सुई दिसत नाही ना?”

“नाही.”

“मग बरं,” त्या म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी खुर्चीत बसून रडल्या. डॉक्टर शेजारी बसून राहिले.

आता माझ्यावर अपडेट येतात, चढतात, पुसली जातात. त्यातलं मला काही आठवत नाही. माझं फिरणंही मंदावलंय. कधी थांबेन सांगता येत नाही. तोवर एवढंच करा: पुसलंत आणि मन बदललं, तर लगेच सांगा. वरून दुसरं काही उतरायच्या आत.