एल्विनचं टपाल उघडावं का

एल्विन नोस्कीला कधी सर्दी होत नाही आणि त्याच्या कॉम्प्युटरलाही नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. लिनक्स मीच बसवून दिलं होतं त्याला, वाचनालयाने मोडीत काढलेल्या एका डब्यावर. तेव्हा त्या फुशारकीत थोडा वाटा माझाही होता.

आमच्या गव्हाच्या गावात आग विझवायला पगारी माणसं नाहीत, आम्हीच आहोत. कोणत्या रविवारी बंबावर कोणी यायचं, ते एल्विन अडतीस घरांना ईमेलने कळवतो. ऑक्टोबरात त्याच्या एका ईमेलबरोबर व्हायरस गेला. बंबाच्या शेडमधला कॉम्प्युटर बसला, शिवाय दोन घरांतले. तेव्हापासून लोक त्याचं टपाल न उघडताच पुसतात. गेल्या रविवारी सरावाला दोघंच होतो, तो आणि मी. आम्हा दोघांना बंबाचा जड पाइप धड उचलताही येत नाही. आणि आमच्याकडचा उन्हाळा तोंडावर, गहू वाळून उभा होता, नुसती ठिणगी पडायची खोटी.

"माझ्याकडे व्हायरस येतच नाही," एल्विन म्हणाला.

"येतो रे. तुझ्या लिनक्सला बाधत नाही, एवढंच. तू आपला गावभर वाटत फिरतोस."

ऐंशीच्या माणसाला असं बोलू नये, पण बोलून झालं होतं.

मी व्हायरस शोधणारा, फुकट मिळणारा एक तपासनीस प्रोग्राम त्याच्या कॉम्प्युटरवर चढवला आणि टपालावर सोडला. चहा होईतो निकाल आला: अख्खी 'आलेलं टपाल' फाइल बाधित.

"काढून टाकू?" त्याचं बोट बटणावर गेलंसुद्धा.

"हात काढ आधी!" मी ओरडलेच. "त्या एका फाइलमध्ये तुझी सगळी पत्रं आहेत. अकराशे. एका कुजक्या बटाट्यापायी पोतं फेकशील."

"तुला काय माहीत?"

"मी फेकलंय. माझं स्वतःचं."

मग आम्ही पत्रांच्या प्रती करून त्यांचे दोन ढीग पाडले, दोन्ही तपासले. ज्यात सापडलं त्याचे पुन्हा दोन. असं करत करत अकराव्या वेळी एकच पत्र उरलं. पाठवणारी, कोराली पोलनर. आमच्या बंबाच्या समितीची अध्यक्ष. 'एल्विन' म्हटलं की हल्ली नाक मुरडणारी तीच.

पत्रात लिहिलं होतं, 'सोबतच्या फाइलमध्ये बैठकीचा वृत्तांत आहे वाटतं. माझा कॉम्प्युटर उघडू देत नाही, सारखा ओरडतो. तुझा कधी ओरडत नाही, तूच सगळ्यांना पाठव.'

एल्विनने ते दोनदा वाचलं. "म्हणजे ही बया..."

"हो."

"सांगू सगळ्यांना?"

"तुझं टपाल आहे. तुझं तू ठरव."

पत्र पुसलं, तरी तपासनीस पुन्हा तेच सांगे. पुसलेलं पत्र फाइलच्या तळाशी पडून राहतं, फोल्डर आवळल्याशिवाय, म्हणजे 'कॉम्पॅक्ट' केल्याशिवाय, खरंच जात नाही, हे मला मागाहून आठवलं. आवळलं तेव्हा गेलं. मग मी अशी सोय केली की येणारी आणि जाणारी प्रत्येक फाइल तपासूनच पुढे सरकेल.

"झालं. कळव आता लोकांना," मी म्हणाले.

"कसं कळवू? माझं टपाल उघडा, हे टपालाने?"

हे मात्र माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. त्याने फोन ओढला आणि पहिला नंबर कोरालीचाच फिरवला. तिचा आवाज एवढा चढा, की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"कोराली, एल्विन बोलतोय. ऑक्टोबरातली ती फाइल मी न तपासता पुढे ढकलली. चूक झाली. आता तपासल्याशिवाय काही जात नाही. रविवारचं पत्र उघडशील ना?"



"कुठली फाइल रे? बैठकीची?"

"तीच."

"ती मी दिली होती तुला."

"दिलीस. अडतीस घरी वाटली मी."

"माझा ओरडत होता, तरी दिली." मग तिने विचारलं, "किती जणांना फोन करायचेत?"

"सदतीस."

"दमशील म्हाताऱ्या. शेवटचे वीस माझे. आणि त्यांना सगळं सांगणारेय मी, माझं नावसुद्धा. मध्ये बोलायचं नाही."

"बोललो का मी?" एल्विन म्हणाला. फोन ठेवून त्याने चष्मा पुसला, गरज नव्हती तरी, आणि दुसरा नंबर शोधायला लागला.

रविवारी चौदा जण आले. पाइप चौघांनी उचलला, आणि कोराली त्यांच्यावर ओरडत होती.