सत्तावीस नंबरची कुंडी

सातला पाच मिनिटं कमी होती. चिमटेकाकांनी काचघराचं दार आतून लावलं, कडी नीट बसली की नाही ते ओढून पाहिलं आणि मग एकोणीस नंबरच्या कुंडीवर वाकले. पानांच्या मधोमध एक हिरवी काडी दोन बोटं वर आली होती. टोकाला मोहरीएवढा गोल मणी. पान असतं तर टोक चपटं असतं आणि त्यात माशा पकडणारं, मिटलेलं इवलंसं तोंड दिसलं असतं. हा फुलाचाच दांडा होता. काकांनी लहान कात्री बुडाशी नेली आणि तो कापला. तुकडा डब्याच्या झाकणात ठेवला आणि डबा पिशवीत टाकला.

दाराच्या काचेवर बाहेरून चिकटवलेल्या नोटिशीची अक्षरं उजेडात आतून उलटी दिसत होती. ती वाचायची काकांना गरज नव्हती. 'फ्लायट्रॅपच्या फुलांचे दांडे पुढील सूचनेपर्यंत कोणीही कापू नयेत. विभागप्रमुख.' नोटीस लागून चार दिवस झाले होते आणि चार दिवसांत काकांनी अकरा दांडे कापले होते.

कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात ते सव्वीस वर्षं परिचर होते. शर्टाच्या खिशात कायम चिमटा असायचा, म्हणून मुलांनी कधीतरी चिमटेकाका म्हणायला सुरुवात केली आणि पुढे प्राध्यापकही म्हणू लागले. एक पाहुणे प्राध्यापक जाताना फ्लायट्रॅपचे चार गड्डे देऊन गेले होते, त्याला बावीस वर्षं झाली. माशा खाणारं झाड म्हणून चार दिवस सगळ्यांनी गर्दी केली, मग विसरले. काका विसरले नाहीत. नळाच्या पाण्यातल्या क्षाराने ही झाडं मरतात हे त्यांना एक झाड मेल्यावर कळलं. तेव्हापासून ते कॉम्प्युटरच्या खोलीतल्या एसीचं ठिबकणारं पाणी डब्यांत धरून आणत. एकाचे दोन, दोनाचे चार करत आता एकतीस कुंड्या झाल्या होत्या.

दांड्यांचं शहाणपणही असंच आलेलं. तिसऱ्या वर्षी त्यांनी कौतुकाने दोन झाडांना फुलू दिलं होतं. फुलं आली, गेली, आणि उन्हाळा तापला तेव्हा तीच दोन झाडं काळी पडून बसली. सगळा जीव फुलात गेला होता. त्यानंतर काकांनी एकही दांडा चार बोटांच्या वर जाऊ दिला नाही.

आणि आता नव्या बाई सांगत होत्या, कापू नका.

बाई गेल्या जूनमध्ये विभागप्रमुख म्हणून आल्या होत्या. कमी बोलत, भरभर चालत. काकांच्या डोळ्यांसमोर मात्र शेजारचं नेच्यांचं काचघर येत होतं. चार वर्षांपूर्वी तिथेही आधी नोटीसच लागली होती. पाणी दिवसाआड द्यावे. प्रयोग आहे, असं तेव्हाचे साहेब म्हणाले. दोन महिन्यांत नेचे वाळले, समितीचे लोक आले, वाळलेले नेचे पाहून माना हलवल्या आणि सुट्टीत काचघर पाडलं. आता तिथे स्कूटर उभ्या राहतात.

तेव्हा नेच्यांचा नंबर लागला होता. आता फ्लायट्रॅपचा. फुलू द्यायचं, मरू द्यायचं, मेलेली झाडं समितीला दाखवायची. मग काचघर जाणार आणि निवृत्तीला तीन वर्षं उरलेले चिमटेकाका भांडारात खोके मोजत बसणार.

घरी त्यांनी हे बायकोला सांगितलं. ती शाळांच्या गणवेशांना काजं करून द्यायची. हातातलं काम न थांबवता तिने सगळं ऐकलं.

"अहो, तुम्ही बाईंना विचारलंत का?"

"विचारलं की माणूस सावध होतं."

"दूधवाल्याचंही असंच झालं होतं," ती म्हणाली. "दूध कमी भरतं म्हणून आठ दिवस खिडकीच्या आड उभे होतात. शेवटी पातेलंच गळकं निघालं."

पातेल्याबद्दल काकांना अजूनही पूर्ण खात्री नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात बाई वही घेऊन काचघरात आल्या. एकेका कुंडीशी थांबून त्या काहीतरी टिपत होत्या. काका पाठमोरे उभे राहून कुंड्यांत भरायचं शेवाळ निवडत होते आणि वहीच्या पानांचा आवाज मोजत होते. बाईंनी विचारलं, दांडे इतके कमी कसे? काका म्हणाले, गोगलगाय असेल. बाईंनी एक कुंडी उचलून बुडाशी पाहिलं. कापलेलं बूड सरळ होतं. गोगलगाय इतकं सरळ खात नाही, हे बाईंनाही कळलं असणार, कारण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो किल्ल्यांबद्दल.

किल्ल्या दोनच होत्या. एक काकांकडे, दुसरी फरशी पुसणाऱ्या मावशींकडे.

मावशी ठेकेदाराकडून आलेल्या. अकरा वर्षं साडेसातला येत, लादी पुसत, जात. गुडघा दुखायचा म्हणून वाकायच्या आधी एक हात टेबलाला लावायच्या. काकांशी त्यांचं बोलणं म्हणजे "काका, पाय उचला" एवढंच. दाराला आतून कडी असली तर ती निघेपर्यंत त्या बाहेर मुकाट उभ्या राहत. गेल्या दोन आठवड्यांत त्या रोज अशा उभ्या राहत होत्या, हे काकांनी पाहिलं होतं. का थांबवता, असं मावशींनी एकदाही विचारलं नव्हतं. याचाही काकांना संशय आला होता.

बाईंनी मावशींना काचघरातच बोलावलं. काका तिथेच होते.

"मावशी, दांडे तुम्ही मोडले का?"

मावशींनी फडकं पिळलं. एकदा कुंड्यांकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं नाही.

"फडक्याचा धक्का लागला असेल बाई."

"सगळ्यांना?"

"फडकं मोठं आहे."

बाई चिडल्या नाहीत. ठेकेदाराला फोन करून त्यांनी मावशींची जागा बदलून घेतली, एवढंच. उद्यापासून वसतिगृहाचे जिने. चार मजले. काकांनी तोंड उघडलं होतं, पण बाई तेवढ्यात बाहेर पडल्या आणि काकांनी ते मिटलं. मावशींनी बादली उचलली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाल्या, "येते काका."

दिवसभर काकांना काही सुचेना. न केलेली गोष्ट माणूस आपल्या अंगावर कशाला घेईल? रात्री जेवताना त्यांना उत्तर सापडलं. दुसरं काहीतरी केलेलं असल्याशिवाय घेणार नाही.

सकाळी त्यांनी कुंड्या मोजल्या. तीस. पुन्हा मोजल्या, बोट लावून. सत्तावीस नंबर नव्हता. मागच्या रांगेत खिडकीजवळ त्याचं गोल ओलं वर्तुळ तेवढं उरलं होतं. त्या कुंडीत दांडा नुकताच डोकावत होता, उद्या कापू म्हणून काकांनी ठेवला होता.

त्यांना राग यायला हवा होता. खरं तर हलकं वाटलं. मावशींनी कुंडी नेली, आणि ती चोरी झाकायला दांड्यांचा आळ घेतला. हिशेब जमला. आता त्यांच्या गुडघ्याचा विचार करायचं कारण नव्हतं.

काका पुढचे पंधरा-सोळा दिवस शांत झोपले. उरलेले दांडे त्यांनी कापून टाकले. नवे यायचे ते आता पुढच्या वर्षी. सगळे मिळून अठ्ठेचाळीस. आकडा त्यांनी कुठेही लिहिला नाही, पण त्यांना तो पाठ होता.

मग साठा तपासणीचं पत्रक आलं. नोंदवहीत फ्लायट्रॅपच्या एकतीस कुंड्या होत्या. एक कमी भरली तर जाब काकांनाच द्यावा लागणार होता. त्यांनी कोरा कागद घेतला, वर 'विनंती अर्ज' लिहिलं आणि मावशींच्या शेवटच्या दिवसापासून सत्तावीस नंबरची कुंडी गहाळ असल्याचं स्वच्छ अक्षरात मांडलं. चोरी हा शब्द टाळला. वाचणाऱ्याने तो स्वतः वापरावा, अशी मांडणी केली. अर्जाची चौघडी खिशात, चिमट्याशेजारी ठेवून ते बाईंच्या खोलीत गेले.

"बरं झालं आलात," बाई म्हणाल्या. "बसा."

सव्वीस वर्षांत या खोलीत काकांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर बसले.

बाईंनी एक पत्र पुढे केलं. काचघर पाडायचं गेल्या वर्षीच ठरलं होतं, त्या येण्याच्याही आधी. ते त्यांना थांबवता आलं नाही. पण दुसऱ्या एका उद्यानाकडे काचघराचा एक जुना लोखंडी सांगाडा पडून होता. तो ते द्यायला तयार होते, गच्चीवर उभा करता आला असता. बदल्यात त्यांना या फ्लायट्रॅपचं बी हवं होतं. निदान पाचशे बिया. बावीस वर्षं इतक्या उन्हात टिकलेलं झाड त्यांच्याकडे नव्हतं. पत्रात एक ओळ होती, झाडं वाढवणाऱ्या परिचरांना रोपं करायला आठ दिवस आमच्याकडे पाठवता येईल का.

"पण दांडेच राहिले नाहीत," बाई म्हणाल्या. "आता त्यांना नाही म्हणून कळवते. कुंड्या वाटून टाकाव्या लागतील. कोणाला द्यायच्या ते तुम्ही सुचवा, म्हणून तुम्हाला बोलावणारच होते."

काकांनी ती ओळ पुन्हा वाचली. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"दांडे मी कापले," ते म्हणाले.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"मावशींनी नाही. मी. रोज सकाळी."

"का?"

"झाडं मरावीत म्हणून तुम्ही कापू नका म्हणालात, असं वाटलं."

बाई काहीतरी लागट बोलतील असं काकांना वाटलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कारण लिहायला हवं होतं नोटिशीत," त्या म्हणाल्या. "कोणी वाचून विचार करत असेल, असं माझ्या मनात आलं नाही."

मावशींना परत काचघरात घ्या, असं काकांनी सांगितलं. बाईंनी लगेच ठेकेदाराला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, महिनाअखेरीनंतर बघू. काका उठले. अर्ज खिशातच राहिला.

वसतिगृहात मावशी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर होत्या. एक हात कठड्याला, दुसऱ्यात फडकं. तळमजल्यापासून सुरुवात करून प्रत्येक जिना वरून खाली पुसत त्या एकेक पायरी उतरत होत्या, आणि दर पायरीला आधी धड पाय खाली जायचा, मग दुखरा.

येताना काकांनी काय बोलायचं ते जुळवलं होतं. तोंडातून दुसरंच निघालं.

"सत्तावीस नंबर कुठे आहे?"

"आलात होय," मावशी म्हणाल्या. "चला."

बादली घेऊन त्यांनी काकांना तिसऱ्या मजल्यावर कपडे धुण्याच्या खोलीत नेलं. खिडकीच्या कट्ट्यावर, साबणाच्या खोक्याशेजारी कुंडी होती. खाली प्लास्टिकचं झाकण, त्यात बोटभर पाणी.

"नळाचं?" काकांनी विचारलं.

"एसीचं. अकरा वर्षं बघतेय तुम्हाला डबे वाहताना."

दांडा वीतभर उंच झाला होता. वर दोन फुलं उघडलेली, तीन कळ्या. पांढऱ्या पाकळ्या, त्यांत केसासारख्या बारीक हिरवट शिरा. खालची तोंडं लाल आणि उघडी होती, आणि फूल त्यांच्यापासून इतकं उंच होतं की फुलावर येणारी माशी त्यांत पडू नये. काकांनी हे फूल एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"फूल कसं येतं ते एकदा बघायचं होतं," मावशी म्हणाल्या. "तुम्ही काही राहू देणार नव्हता. जाताना बादलीत घालून आणलं. परत आणून ठेवणारच होते."

"तुम्हाला माहीत होतं, मी कापतो ते."

"कडी लावून दुसरं काय करणार?"

"मग बाईंना का नाही सांगितलं?"

"तुम्ही मोडले का, असं विचारलं मला. कोणी मोडले, असं कुठे विचारलं?" मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं. "आणि मला काय, हा जिना नाही तर तो. तुम्हाला मात्र त्या झाडांपासून लांब ठेवलं असतं."

काकांनी खिशातून चिमटा काढला, आणि त्याच्याबरोबर बाहेर आलेला अर्ज. तो उलगडून कोरी बाजू वर केली आणि फुलाखाली धरली. चिमट्याच्या टोकाने केसराला हलका धक्का दिला. कागदावर पिवळी भुकटी सांडली, दिसेल न दिसेल इतकी. मावशींनी न मागता साबणाच्या खोक्यातून कापसाचा बोळा काढून दिला. काकांनी भुकटी त्यावर टिपली आणि दुसऱ्या फुलाच्या मधोमध टेकवली. एका फुलात वीसेक बिया धरल्या, तर पाच फुलांच्या शंभर. मागणी पाचशेची होती.

"कळ्या उघडल्या की उद्या परत असंच करावं लागेल," ते म्हणाले.

"या की. इथे कडी नाही."

मावशी बादलीपाशी गेल्या आणि वाकायच्या आधी भिंतीला हात लावला. तोवर काकांनी बादली उचलली होती. फडकंही त्यांनी मागून घेतलं. चौथ्या मजल्याचा जिना अजून पुसायचा होता. ते वर जाऊन सगळ्यात वरच्या पायरीवर गुडघे टेकून बसले, फडकं पिळलं आणि पुसायला लागले.

"काका," खालून मावशी म्हणाल्या, "कोपरे सोडू नका."