कोपराखालचा हात

दुपारी तीनच्या सुमाराला त्या खोलीत उजेड असा काही मऊ होऊन यायचा की भिंतीवरचं घड्याळसुद्धा पेंगतंय असं वाटावं. खिडकीचे पडदे दुधी, भिंती दुधी, आणि यंत्राच्या काचेवर चार हिरव्या रेघा संथ वाहत असायच्या. बघता बघता लेकीला वाटायचं, आपण पाण्याखाली बसलोय आणि वरून कुणीतरी हळूच हाक मारतंय.

लेक म्हणजे या हॉस्पिटलात स्नायूंचा जोर हातानं तपासणारी. समोर खाटेवर बसलेले तिचे बाबा छतं रंगवणारे. साडेपाच महिन्यांपूर्वी ते शिडीवरून पडले, खांद्याची नस दुखावली आणि उजवा हात लुळा झाला. सर्जननं स्वच्छ सांगितलं होतं, नस आपली आपण जागी झाली तर उत्तम, नाहीतर सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन. नंतर स्नायू वाळतो, मग कुणाच्याच हातात काही राहत नाही.

घरच्या माणसाला घरच्यानं तपासायचं नाही, असा तिथला नियम. पण बाबा हटून बसले, "परक्याच्या हातात मी हात देणार नाही." लेकीच्याही मनात तेच होतं, मग कसला नियम नि कसलं काय! दर आठवड्याला ती एक तळहात त्यांच्या कोपराखाली धरायची, दुसरा वरून टेकवायची आणि म्हणायची, "उचला बाबा. धरा." आणि हात उठायचा! आधी वीतभर, मग थेट छातीपर्यंत. कागदावर जोराचे आकडे चढत गेले, एक, दोन, तीन. सर्जन म्हणाला, "मग थांबू या." लेकीचा जीव भांड्यात पडला.

आज सर्जनला स्नायूंतली वीज मोजणाऱ्या त्या यंत्राचा कागद हवा होता. विभागप्रमुख बाईंनी स्वतः यंत्राच्या वायरींच्या पट्ट्या चिकटवल्या. त्यांना सगळे मागून 'काटेकोर काकू' म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. दोन पट्ट्या बाबांच्या खांद्यावर लावल्या, दोन लेकीच्या दंडावर.

"मला कशाला?"

"तपासणाराही मोजायचा, ही माझी पद्धत. आणि स्वतःच्या वडिलांना तपासतेस हे मला आज कळलं. त्याचं नंतर बघते."

बाबा हसले. "बापलेकीला एकाच दोरीवर वाळत घातलंय की हो!"

"उचला बाबा. धरा."

हात तरंगत वर आला. खालच्या दोन रेघा खवळल्या. वरच्या दोन मात्र गाढ झोपलेल्या.

"वायर निसटली असेल," लेक म्हणाली. तिनं बाबांचा खांदा पुसला, नव्या पट्ट्या लावल्या, पुन्हा म्हणाली, "धरा." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती पट्टीला हात घालणार, तोच काकू म्हणाल्या, "वरच्या दोन त्यांच्या आहेत. खालच्या दोन तुझ्या."

काकू तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"कोपराखालचा हात काढ."

तिला काढवेना. "काढ गं," बाबाच म्हणाले.

तिनं हात काढला. बाबांचा हात धप्पकन मांडीवर पडला.

लेकीच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे इतके दिवस आपणच उचलत होतो! आपल्याला पत्ताही नव्हता! सहा महिने भरायला आता अकरा दिवस उरले होते. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"घरी असाच पडतो," बाबा हळूच म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्याकडे उठायचा ना. वाटायचं, पोर तपासतेय म्हणजे बरा होतोय. घरी मीच अंगचोरपणा करत असेन."

हे ऐकल्यावर मात्र ती ओक्साबोक्शी रडली. बाबांनी डाव्या हातानं तिच्या पाठीवर थोपटलं. काकूंनी सर्जनचा नंबर लावून फोन पुढे केला. "मी बोलू का?"

"नको." लेकीनं डोळे पुसले आणि फोन कानाला लावला.

"सर, माझे आकडे खोटे आहेत. बाबांचा हात मी उचलत होते."