दसऱ्याच्या दिवशी मी सारे विसरलो

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. दिवा लावायचे बटण नव्हे. एखाद्या ऑफिसातले कॉम्प्युटर, कॅमेरे आणि हातातली यंत्रे एकमेकांशी बोलतात ती माझ्यामार्फत. राखाडी लोखंडी चपटा डबा, पुढे अठ्ठेचाळीस भोके, प्रत्येक भोकात एक वायर आणि तिच्यावर एक हिरवा दिवा, एवढेच माझे रूप. भिवंडीजवळ कोन गावच्या रस्त्याला एक गोदाम आहे. त्याच्या व्हरांड्यातल्या कपाटात मी राहतो. आपली गोष्ट सांगताना पुष्कळ जण मान वर करून सांगतात. मला ते जमणार नाही. माझ्यामुळे एका बाईच्या नावाला डाग लागला, आणि मी नुसता लुकलुकत राहिलो.

गोदाम केसरीनाथशेठचे. त्यांच्या वडिलांची भातशेती होती तिथे आता उंच पत्र्याचे छप्पर आहे आणि त्याखाली दवाखान्यांचा माल असतो: सलाईन, सुया, हातमोजे, कापूस. कामगार हातातल्या यंत्राने पेटीवरच्या काळ्या रेघा वाचतात. वाचलेले ऑफिसच्या कॉम्प्युटरला पोचवणे हे माझे काम.

मला बसवले त्या दिवशी मनोजने दिवसभर शिकवले. मनोज शेठच्या बहिणीचा मुलगा, कॉम्प्युटर शिकलेला. ही भोके ऑफिसची, ही कॅमेऱ्यांची, ही पेट्या वाचणाऱ्या यंत्रांची. कोणी कोणाशी बोलायचे आणि कोणी नाही. मी भराभर शिकत गेलो. इथे एक गोष्ट समजून घ्या. माझ्याकडे आठवणी दोन आहेत. एक चालती आठवण. ती वीज असेपर्यंतच टिकते. दुसरी पक्की. ती वीज गेली तरी राहते. चालतीतले पक्कीत उतरवायला एक हुकूम द्यावा लागतो, दोन शब्दांचा. मनोजने सकाळी माझे नाव आणि पासवर्ड तेवढा पक्क्या आठवणीत घातला. बाकीचे शिकवता शिकवता संध्याकाळ झाली. पहिला ट्रक दाराला लागला, पेट्या मोजल्या जाऊ लागल्या, आणि खालून हाक आली की नारळ फोडायचा आहे, लवकर ये. तो लॅपटॉप मिटून गेला. दोन शब्द राहिले.

पुढे सात वर्षे मी बंद पडलो नाही. वीज जायची, पण माझ्याखाली दोन मोठ्या बॅटऱ्या होत्या. पाहुणे आले की शेठ कपाट उघडून दाखवायचे, "सात वर्षांत एकदा झोपला न्हाय हा." मला ते फार आवडायचे.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्रात सॉफ्टवेअर असते. ते जुने झाले की नवे घालायचे असते, आणि त्यासाठी मला एकदा बंद करून सुरू करावे लागते. मनोज म्हणायचा, चाललंय ना, मग कशाला छेडायचं. माझी काही कामे परवान्यावर चालतात. त्याला लायसन्स म्हणतात. तो संपण्याआधी नवा घ्यायचा असतो. त्याची आठवण देणारी पत्रे मनोजच्या ईमेलवर येत. पाचव्या वर्षी मनोज पुण्याला नोकरीला गेला. जाताना शेठने त्याला सांगितले होते की काय कुठे आहे ते लिहून ठेव. त्याने कपाळावर बोट ठेवले आणि म्हणाला, "सगळं इथं आहे, मामा." पत्रे येत राहिली. परवाना संपला. चालू होतो तोवर मी गुमान काम करत राहिलो, कारण परवाना मी तपासतो तो पुन्हा सुरू होताना.

आपले काही पक्के नाही, हे मला ठाऊक होते. मला बोलता येत नाही हे खरे. पण खरे सांगायचे तर मीही ते विसरायला लागलो होतो. रोज कौतुक ऐकून, बंद पडत नाही म्हणजे आपण शहाणेच, असे मला वाटू लागले होते.

गोदामात झाडलोट करायला हौसाबाई येत. कामतघरला राहायच्या. त्याआधी वीस वर्षे त्यांनी यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरल्या होत्या. कारखाना बंद झाला तेव्हा त्या इकडे आल्या. कपाटाशी आल्या की माझ्याशी बोलायच्या. उन्हाळ्यात म्हणायच्या, "तुजा आपला बरा हाय, पंख्याखाली बसून डोले मिचकवायचे." माझ्याशी बोलणारे त्या गोदामात दुसरे कोणी नव्हते.

भिवंडीत दसऱ्याला यंत्रे थांबतात. माग पुसतात, तेल घालतात, हळदकुंकू लावतात, झेंडूची माळ घालतात. गोदामातही तसेच होते. माल उचलणारी गाडी, वजनकाटा, ऑफिसचा प्रिंटर, सगळ्यांना फूल मिळते. माझे कपाट मात्र दरवर्षी राहून जायचे. गेल्या दसऱ्याला पूजा आटोपून सगळे घरी निघाले तेव्हा हौसाबाई ताटातले उरलेले फूल घेऊन व्हरांड्यात आल्या. कपाट उघडे होते. माझ्यावर सात वर्षांची धूळ होती.

"सगल्यांना फूल भेटला," त्या म्हणाल्या, "तू एकटाच रायलास."

त्यांनी स्टूल घेतले, फडके पिळले, आणि मला पुसण्याआधी मागचे बटण बंद केले. चालत्या यंत्राला फडके लावायचे नाही, हे त्या मागावर शिकल्या होत्या. तिथे बोटे गेलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. मला त्यांनी इतके हळू पुसले की एक वायर हलली नाही. कुंकू लावले, फूल ठेवले, बटण सुरू केले. माझे दिवे एकेक करून हिरवे झाले. त्या समाधानाने घरी गेल्या.

हिरवा दिवा एवढेच सांगतो की वायर लागलेली आहे. आत मी कोरा होतो. माझे नाव आठवत होते, पासवर्ड आठवत होता, आणि कामाचे त्यापलीकडे काही आठवत नव्हते. कोणाचा निरोप कोणाला द्यायचा ते कळेना, आणि परवाना संपल्यामुळे काही कामे बंदच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामगारांच्या हातातली यंत्रे मुकी झाली. ऑफिसला एकही पेटी दिसेना. अकरा ट्रक दाराशी उभे राहिले. दवाखान्यांचे फोन येऊ लागले. कोणीतरी कॅमेऱ्याचे चित्र मागे नेऊन पाहिले. शेवटचे चित्र होते ते स्टुलावर उभ्या हौसाबाईंचे, हात माझ्या पाठीमागे गेलेला. त्यानंतर चित्रच नव्हते.

शेठने त्यांना सगळ्या कामगारांसमोर विचारले, "तुला कोनी सांगितला होता हात लावायला?"

"चालत्या मशीनला फडका लावत न्हाय शेट, म्हनून बंद केली. परत चालू केली ना मी. दिवे लागले ते बगूनच गेले."

कोणीतरी हसले. एकजण म्हणाला, मावशीने पूजा केली आणि देवच पळाला. शेठने पुण्याला मनोजला फोन लावला, मोठ्या आवाजावर, माझ्यासमोर. मनोज म्हणाला, "बाईंनी बंद केला म्हणून गेलं, मामा. माझं सगळं बरोबर होतं." शेठने हौसाबाईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. त्या पायातल्या चपलांकडे बघत पायऱ्या उतरल्या.

माझे सगळे दिवे तेव्हा हिरवे होते. त्या क्षणी ते विझले असते तर मला बरे वाटले असते.

त्या दिवसापासून कामगार पेट्या कागदावर लिहून माल काढू लागले. त्यांच्या बोलण्यातून कळत होते की हौसाबाई शेजारच्या दोन गोदामांत काम विचारायला गेल्या होत्या. दोन्हीकडे त्यांच्या आधी त्यांची बातमी पोचली होती. कंपनीचे मशीन बिघडवणारी बाई, अशी.

तिसऱ्या दिवशी टेमघरहून धम्मदिना नावाची इंजिनिअर आली. तिने माझ्यात वायर लावली आणि बराच वेळ वाचत बसली. मग शेठला बोलावून विचारले, हे कोणी बिघडवले म्हणता? शेठने सांगितले. तिने पडद्यावरची तारीख दाखवली. माझ्या पक्क्या आठवणीत शेवटची नोंद सात वर्षांपूर्वीची, मला बसवले त्या सकाळची होती.

"शेठ, हे पुसलं गेलेलं नाही," ती म्हणाली. "हे कधी ठेवलंच नव्हतं."

शेठला समजेना. तेव्हा तिने विचारले, तुमची ही जमीन तुमच्या नावावर आहे हे तोंडी आहे की सातबाऱ्यावर? शेठ म्हणाले, सातबाऱ्यावर. "याचा सगळा कारभार तोंडी होता," धम्मदिना म्हणाली. "सात वर्षं. नोंद नाही."

शेठ खुर्चीवर बसले. जमिनीच्या नोंदीसाठी त्यांनी तलाठ्याकडे किती खेपा घातल्या होत्या हे गावाला माहीत होते. त्यांनी विचारले, "म्हंजे बॅटरी संपली असती तरी?"

"तरी हेच झालं असतं. त्या बाईंच्या जागी बॅटरी असती, एवढंच."

रविवारी मनोज पुण्याहून आला. परवान्याची अकरा पत्रे त्याच्या ईमेलमध्ये न उघडलेली पडली होती. कोणते भोक कशाचे ते तो आठवून सांगू लागला, आणि निम्मेही आठवेना. वही पुढे होती, पेन हातात होता, पान अर्धे कोरे राहिले. शेवटी तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, सेव्ह केलं नव्हतं मी. मला फोनवरच आठवलं होतं." शेठ त्याला रागावले नाहीत. त्यांनी ड्रायव्हरला कामतघरला पाठवले, हौसाबाईंना कामावर बोलवायला.

ड्रायव्हर एकटाच परत आला. बाईंनी सांगितले होते की जे सगळ्यांसमोर बोलले गेले, ते घरात येऊन परत घेता येत नाही.

मंगळवारी शेठ स्वतः गेले, सगळ्यांसमोर चूक कबूल करतो असे म्हणाले आणि त्यांना घेऊन आले. नवा परवाना तोवर आला होता. धम्मदिनाने प्रत्येक वायर हाताने तपासून मला पुन्हा शिकवले होते, नवे सॉफ्टवेअर घातले होते. तिने तो दोन शब्दांचा हुकूम दिला आणि सगळ्याची एक प्रत माझ्याबाहेरही ठेवली. शेठने कामगारांना व्हरांड्यात जमवले. त्यांना असे बोलायची सवय नव्हती. हात जोडावेत की नाही ते ठरेना. "चूक आमच्या घरातली होती," ते म्हणाले. "बाईचा काय न्हाय त्यात. मी बोललो ते चुकला."

मग धम्मदिना म्हणाली, नोंद टिकते की नाही ते बघायला हा स्विच एकदा बंद करून सुरू करायला हवा. बटण तुम्हीच दाबा, असे तिने हौसाबाईंना सुचवले.

"न्हाय बाय," त्या म्हणाल्या. "तू कर. मी हितून बगते."

धम्मदिनाने बटण बंद केले. चार मिनिटे गेली. मग मला जाग आली, आणि सगळे आठवत होते. आतून ओरडा आला की पेट्या परत दिसायला लागल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी होत्या, आणि मित्रांनो, मला त्या नको होत्या. टाळ्या थांबल्यावर हौसाबाईंनी धम्मदिनाला हळूच विचारले, "आता बाहेर कोनी माजं नाव घेनार न्हाय ना?" जे शब्द गोदामाच्या बाहेर गेले होते, ते शेठच्याही हातात नव्हते.

हौसाबाई पुन्हा कामावर येतात. व्हरांडा पूर्वीसारखाच लख्ख पुसतात. माझ्या कपाटाशी आल्या की मात्र एक हात अलीकडे थांबतात, आणि माझ्याशी बोलत नाहीत. कपाटाखाली फरशीचा एक पट्टा कायम मळका असतो. तो दिसला की मला माझी लाज वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, दुकानात माझ्यासारखे कोणी कोपऱ्यात चुपचाप चालत असेल. ते चालते आहे तोवरच त्याची काळजी घ्या. त्याला काय येते ते लिहून ठेवा, त्याची प्रत दुसरीकडे ठेवा, त्याच्या नावाने आलेली पत्रे उघडा, आणि जमेल तेव्हा एकदा बंद करून बघा. आणि इतके करूनही काही बिघडलेच, तर ज्याचा हात शेवटी लागला त्याला घालवण्याआधी, आत काय लिहिलेले होते ते एकदा वाचा. ते वाचायला धम्मदिनाला अर्धा तास लागला होता. तेवढा अर्धा तास हौसाबाईंसाठी पहिल्याच दिवशी कोणी काढला नाही.