कुलूप ओढून बघणारी बाई

"अगं, आज कुलूप नाही ओढलंस," अर्धा जिना उतरल्यावर चंद्रप्रकाश म्हणाले.

वनमाला पुढे होती. ती थांबलीच नाही. "लावलंय ना? मग ओढायचं कशाला?"

चंद्रप्रकाश परुळेकर मात्र कठड्याला हात लावून उभे राहिले. लग्न झाल्यापासून या बाईने भांडुपची ती खोली कुलूप तीनदा ओढल्याशिवाय सोडली नव्हती. दर ओढीला "लावलं" म्हणायची. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने, म्हणजे कुलपालाही ऐकू जावं. मग नाक्यावर पोचली की गॅसचं बटण आठवायचं आणि स्वारी परत. यापायी दोन लग्नांचे मुहूर्त हुकले, सावंतवाडीची एक गाडी हुकली, आणि बिल्डिंगमध्ये तिचं नाव 'रिटर्न तिकीट' पडलं. ठेवलं कुणी, हे सांगायला नको. नवरे उगाच नसतात.

सवय आईची. गावाला आई म्हणायची, "बाये, डोळ्यान बघललां खोटां, हातान बघललां खरां." वनमालेने ते वाक्य हुंड्यासारखं सोबत आणलं होतं.

गेल्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला. केस विंचरता येईनात. कॉलेजच्या ऑफिसात वरच्या फळीवरची फाइल काढायची तर शिपायाची मनधरणी. तेव्हा भाची अक्षता म्हणाली, "मावशी, गोळ्या पुरे. माझ्याबरोबर चल." अक्षता मुलुंडला एका हॉलमध्ये भिंत चढायला जायची. तीन मजल्यांएवढी उंच भिंत, तिच्यावर रंगीत खुंट्या. वरून एक पट्टा येतो. त्याचा हूक आपल्या कमरेला अडकवायचा. चढू तसा पट्टा आपोआप वर गुंडाळला जातो, आणि टोकाला जाऊन हात सोडले की अलगद खाली आणून ठेवतो. वापर नसेल तेव्हा तो हूक खाली भिंतीतल्या कडीत अडकवलेला असतो, नाहीतर पट्टा एकटाच वर पळेल.

पहिल्या दिवशी वनमाला डोक्याएवढ्या उंचीवर रडली. पण गेली मात्र परत.

आणि फायदा झाला, हे शत्रूही नाकारणार नाही. खांदा सुटला. पाठ सरळ झाली. बोटांत अशी ताकद आली की लोणच्याच्या बरणीचं घट्ट झाकण तिचं तीच उघडू लागली. घरात चंद्रप्रकाशांकडे तेवढंच एक खातं उरलं होतं, तेही गेलं. झोप लागू लागली. भिंतीवर असताना पुढची खुंटी कुठली, एवढाच प्रश्न असतो. बाकीची कटकट चपलांबरोबर खाली राहते. हळूहळू ती कटकट घरीही खालीच राहू लागली. छातीतली धडधड गेली, गॅससाठी परत फिरणं गेलं.

सगळे जमेकडे बघत होते. खर्ची काय पडतंय, ते कुणी विचारलं नाही. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि घरभर वास सुटला, शेजारच्या चंपाताईंनी येऊन बटण बंद केलं. एकदा दार दिवसभर नुसतं लोटलेलं राहिलं. काही गेलं नाही. हेच वाईट झालं. एखादं पातेलं तरी जायला हवं होतं.

तर त्या रविवारी, तो जिना उतरून, चंद्रप्रकाश पहिल्यांदाच हॉलवर आले ते व्हिडिओ काढायला. घरच्या ग्रुपवर टाकायचा होता. हॉलमध्ये कुणाच्या तरी पोराचा वाढदिवस होता. फुगे, किंचाळ्या, आणि शिकवणारा केतन पोरांना पट्टे बांधण्यात गुंतलेला. अक्षता पलीकडच्या भिंतीवर टांगलेली.

"ही पर्स कुठे ठेवू? खाली सगळी माती," चंद्रप्रकाश म्हणाले. मग समोरच एक छान हूक दिसला. कमरेएवढ्या उंचीवर, जणू त्यासाठीच केलेला. त्यांनी पर्स अडकवली आणि दोन्ही हातांनी फोन धरला.

वनमाला हाताला पावडर चोळत होती. "जरा मागे व्हा. तुम्ही माझं डोकं कापता नेहमी."

"तू चढ गं. मला शिकवू नको."

तिने हूककडे पाहिलं. होता, जागेवर होता. डोळ्यांनी पाहिलं आणि ती चढली.

इतकी सुंदर ती कधीच चढली नव्हती. अंग हलकं, श्वास हलका. शेवटच्या खुंटीवर हात पडला तेव्हा खालून टाळ्या आल्या.

"सोडा आजी, सोडा!" पोरं ओरडली.

"सोड गं हात! बिनधास्त सोड, चालू आहे व्हिडिओ!"

तिने डावा हात सोडला. उजवा सोडणार, तेवढ्यात डावा हात आपणहून कमरेशी गेला. ओढून बघायला.

ओढायला काही नव्हतं.

तिने खाली पाहिलं. खूप खाली, कडीतच राहिलेल्या तिच्या हूकवर, तिची तपकिरी पर्स लटकत होती.

"सोड ना गं! बॅटरी संपेल!"

ओरडावंसं वाटलं. पण ओरडली असती तर चंद्रप्रकाश बावरून धावले असते, आणि त्यांच्यामागे तिचा श्वासही धावला असता. तिने डावा हात परत खुंटीवर नेला. गाल भिंतीला टेकवला. मग एक पाय खाली सोडून चाचपू लागली.

उतरताना खुंटी दिसत नाही, पायाला सापडावी लागते. एक सापडली. दुसरी सापडेना, उजव्या खांद्याने, त्या धरलेल्या खांद्याने, सगळं अंग तोलून धरलं. बोटं सुटली नाहीत. वर्षभर साठवलेलं सगळं एकदमच काढावं लागत होतं. खाली टाळ्या विरल्या. "घाबरल्या वाटतं," कुणाची तरी आई म्हणाली.

पाय जमिनीला लागले.

"काय गं, शेवटी टरकलीस ना?" चंद्रप्रकाश हसले. जरा बरंही वाटलं त्यांना. "व्हिडिओची वाट लागली."

"हो. घाबरले."

"घाबरायचं काय त्यात? खाली मी होतो ना!"

वनमालेने त्यांच्याकडे नीट पाहिलं. हूकवरची पर्स काढून त्यांच्या खांद्याला लावली. कडीतला हूक सोडवला, स्वतःच्या कमरेला अडकवला आणि ओढला.

"लावलं."

पुन्हा ओढला. "लावलं."

तिसऱ्यांदा ओढला, आणि जरा मोठ्याने म्हणाली. शेजारची पोरं वळून बघू लागली.

"परत चढतेस? थांब, थांब," चंद्रप्रकाशांनी फोन वर केला.

"नाही."

ती तिथेच उभी राहिली, दोन्ही मुठींत पट्टा धरून. वरून तो तिला हलकेच ओढत होता. तिच्या पायांचे तळवे जमिनीवर घट्ट होते.