सहा चाळीसची बस

कांद्याच्या वाफ्यात तिची खुरपणी चालली होती. बांधावर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला आणि मान वर करायच्या आधीच तिला अर्ज आठवला. एसटीच्या डेपोत तो देऊन पंधरा दिवस झाले होते. कुणीतरी येणार, हे तिला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

माणूस अनोळखी. गाडीवरून उतरलाही नाही. डेपोतून आलोय म्हणाला, आणि अर्ज तुमचाच का, असं अगदी गोड आवाजात विचारलं. मग कांदा कसा आहे, घरी कोण कोण असतं, हेही विचारलं. पोरगी संध्याकाळी कितीला येते, असं विचारल्यावर मात्र तिनं खुरपणं थांबवलं.

"कागद मागवा की," गाडी वळवता वळवता तो म्हणाला. "पण सह्या कुणाच्या निघतील, याचा जरा विचार करा."

अर्ज लेकीनं आईच्या नावानं लिहिला होता. ती शहरात नर्सिंग शिकायची. संध्याकाळची बस पूर्वी सहा चाळीसला गावात यायची. चार महिन्यांपासून ती फाट्यावरूनच माघारी वळत होती. फाट्यापासून गाव तासाभराच्या वाटेवर. दोन्ही अंगांना डोक्याच्या वर गेलेला मका, मध्ये एक घर नाही. एकदा कुणीतरी सायकल हातात धरून लेकीच्या मागे मागे पुलापर्यंत चालत आला. बोलला नाही, काही केलं नाही. पण पोरगी दारात पोचली तेव्हा तिच्या एका पायात चप्पल नव्हती. तेव्हापासून आई रोज काठी घेऊन पुलापाशी उभी राहायची आणि मक्यात काही खसफसलं की काठी उगारायची.

डेपोत जाऊन विचारलं, तर साहेब म्हणाले, बस रोज गावात जाते, आमच्या दप्तरी तशी नोंद आहे. मग लेकीनं कॉलेजच्या वाचनालयात माहितीच्या अधिकाराच्या अर्जाचा नमुना शोधला आणि त्या नोंदींच्या नकला मागितल्या.

मोटारसायकलवाला येऊन गेल्यावर दोन दिवसांनी शेजारचा धाकटा दीर आला. तो त्याच डेपोत, पासच्या खिडकीवर बसायचा. नवरा गेल्यापासून बियाणं आणण्यापासून लेकीच्या प्रवेशापर्यंत सगळं त्यानंच पाहिलं होतं. आज तो बसला नाही. दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि अर्ज मागे घ्या म्हणाला. का, ते सांगेना. त्याचा चेहरा पाहून तिला मोटारसायकलवाल्यापेक्षा जास्त भीती वाटली.

नकलांचं पाकीट दुपारी आलं. लेक आल्यावर मायलेकींनी कागद चुलीपुढे पसरले. रोज सहा चाळीस, बस गावात. रोज नऊ उतारू, नाहीतर अकरा. पूल पाण्याखाली होता आणि गावातून माणूस हलला नव्हता, त्या दिवशीसुद्धा कागदावर बस आली होती, अकरा उतारूंसह. खाली सही. लेकीनं ती सही पाहिली आणि आईकडे पाहिलं. पोरीच्या प्रवेशाच्या फॉर्मवर पालक म्हणून हीच सही होती.

ती कागद घेऊन दिराकडे गेली. जाऊ भाकरी टाकायची थांबली. संध्याकाळची नोंदवही आपल्याकडे दिली आहे, हे त्यानं खाली मान घालून सांगितलं. फेरी अर्धी करायची, डिझेल पूर्ण दाखवायचं. साहेब सांगतील तसं लिहायचं. आधी ज्यानं लिहायला नकार दिला त्याला पार सीमेवरच्या डेपोत टाकलं होतं.

"वहिनी, मला भीती वाटते हो," तो म्हणाला.

"मलाही वाटते, भाऊजी. रोज, पुलापाशी."

कागद उचलून ती परत आली. तक्रार केली तर ह्याची नोकरी, नाही केली तर पोरगी. आठ दिवस कागद तसेच पडून राहिले. नवव्या दिवशी तिनं तक्रारीवर अंगठ्याऐवजी आपलं नाव लिहिलं, लेकीनं शिकवलं होतं तसं, वाकडंतिकडं.

सुनावणीला एसटीच्या मोठ्या कचेरीत डेपोचे साहेब समोरच बसले होते. मोटारसायकलवाला दाराशी उभा. अधिकारीबाईंनी पूल बुडाल्याच्या दिवसाचा कागद वर धरला आणि ही सही कुणाची, ओळखता का, असं तिला विचारलं. हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं. त्यानं रजा टाकली होती, घरी कुणाला सांगितलं नव्हतं.

"सही माझी आहे, मॅडम," दीर म्हणाला. त्यानं पुढच्या बाकाची पाठ धरली होती. "आणि नोंद खोटी आहे. चारही महिन्यांची."

बस पुढच्याच सोमवारपासून गावात येऊ लागली. साहेबांची चौकशी लागली; अजून चालू आहे. दिराची बदली मात्र पंधरा दिवसांत झाली, सीमेवरच्या डेपोत. महिन्यातून एकदा येतो.

लेक आता थांब्यावर उतरून पाच मिनिटांत घरात असते. पण दिवस मावळला की शेजारच्या घरात जाऊ एकटीच दार लावून बसते, कुत्रं भुंकलं तरी दचकते. लेकीच्या आईशी ती बोलत नाही. तरी आई रोज दिवेलागणीला तिच्या पायरीवर जाऊन बसते. काल जावेनं आतून कडी काढली, दार अर्धं उघडलं आणि बसायला पोतं टाकलं.